हळद्याला अंगणाचे आमंत्रण

घराच्या अंगणात पक्षी यावेत, ही इच्छा बहुतेकांच्या मनात असते. साळुंकी किंवा बुलबुल यांच्या बाबतीत ती पुरी होण्यास वेळ लागत नाही. पिकल्या केळ्याचा तुकडाही त्यांना पुरेसा होतो. हळद्याची गोष्ट मात्र निराळी आहे. सोनेरी पिवळ्या अंगाचा, काळ्या पंखांचा आणि डोळ्यावरून जाणाऱ्या काळ्या पट्ट्याचा हा पक्षी आकाराने साळुंकीएवढा असतो. तथापि तो उंच झाडांच्या दाट पानांत वावरतो, जमिनीवर क्वचितच उतरतो आणि दिसण्यापेक्षा त्याची बासरीसारखी शीळच अधिक ऐकू येते. अशा पक्ष्यास खाद्यपात्र मांडून बोलावता येईल काय? या प्रश्नाचा विचार करताना उत्तर अमेरिकेतील अनुभव उद्बोधक ठरतो. कारण तेथे ‘ओरिओल’ नावाच्या पक्ष्यांना अंगणात आणण्याची पद्धत चांगलीच रूढ झालेली आहे.

तेथील बाल्टिमोर ओरिओल मुख्यतः मेक्सिको, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग येथे हिवाळा घालवून एप्रिल-मे महिन्यांत उत्तरेकडे परततो. नराचे नारिंगी व काळे रंग लॉर्ड बाल्टिमोर यांच्या कुलचिन्हात आढळतात, त्यावरून त्याला हे नाव पडले. पहिला पक्षी दिसण्यापूर्वीच पक्षिप्रेमी तयारीस लागतात. संत्र्याचे दोन भाग करून ते खिळ्यावर किंवा फांदीच्या टोकावर रोवले जातात. एक भाग साखर आणि सहा भाग पाणी या प्रमाणात केलेले सरबत टांगलेल्या पात्रात भरले जाते. लहानशा वाटीत द्राक्षांची जेलीही ठेवतात.

या पाहुणचाराचे काही नियम आहेत. सरबतात मध घालू नये, कारण त्यात पक्ष्यांना अपायकारक अशी बुरशी लवकर वाढते. कृत्रिम रंगाचीही गरज नसते. पात्र नारिंगी असले म्हणजे पुरे. उन्हाळ्यात सरबत लवकर आंबते, म्हणून पात्र दोन-तीन दिवसांनी, कडक ऊन असल्यास त्याहूनही लवकर, धुवावे लागते. जेली चमचाभरच ठेवावी, नाहीतर पक्ष्यांची पिसे तिने माखतात. मुंग्यांना अटकाव करण्यासाठी पात्राच्या वर टांगणीच्या तारेवर पाण्याची लहान वाटी बसवितात.

इतके करूनही काही आठवड्यांनी पात्रे ओस पडतात. पक्षी निघून गेले असे यजमानास वाटते. परंतु वस्तुस्थिती तशी नसते. या काळात घरट्यांत पिल्ले असतात आणि मातापिता दिवसभर अळ्या व कीटक टिपण्यात गुंतलेले असतात. साखरेमुळे प्रौढ पक्ष्यास उडण्याचे बळ मिळते, पण पिल्लांचे शरीर घडते ते अळ्यांतील प्रथिनांवर. म्हणून ज्या बागेत कीटकनाशकांची फवारणी होते, तेथे संत्री कितीही टांगली तरी पिल्लांचे पोट भरण्याची सोय नसते. खाद्यपात्र हे पूरक आहे. खरे अन्न झाडावरच असते.

भारतीय वाचकाने या अनुभवातून हेच तत्त्व घ्यावयाचे आहे. संत्र्याची युक्ती जशीच्या तशी उचलून चालणार नाही. अमेरिकेतील ओरिओल आणि आपला हळद्या यांच्यात नावाचे व रंगाचे साम्य असले, तरी ते दोन वेगळ्या कुलांतील पक्षी आहेत. भारतीय हळद्याचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३२ मध्ये दख्खनमधील पक्ष्यांच्या अभ्यासातून केले. त्यानंतर दीर्घकाळ तो युरोपीय हळद्याचाच उपप्रकार मानला गेला. आता त्याची गणना स्वतंत्र जातीत होते. फळाची फोड पाहून तो खाली उतरेल, असा भरवसा धरता येत नाही.

त्याला आवडणारे ताट झाडांवरच मांडावे लागते. वड, पिंपळ आणि उंबर यांची फळे तो आवडीने खातो. सावर व पांगारा फुलला की मधुरस पिण्यास येतो. लहान अंगणात वड लावणे शक्य नसते, पण पांगाऱ्याची फांदी लावली तरी ती सहज रुजते. जेथे जागा नाही, तेथे रस्त्याकडेचे जुने उंबर तोडले जाऊ नये म्हणून शेजाऱ्यांनी आग्रह धरावा. तोही या पक्ष्याचा पाहुणचारच होय. घरट्यासाठी त्याला उंच फांदीचा दुबेळका लागतो. त्यात तो सालीचे तंतू व कोळिष्टके यांनी झोळीसारखे घरटे विणतो आणि पुष्कळदा कोतवालाचे घरटे असलेलेच झाड निवडतो. कोतवाल कावळ्यास व शिकऱ्यास पिटाळून लावतो, त्याचा आसरा हळद्यासही मिळतो. अळ्यांनी काही पाने कुरतडली, तर तेवढी हानी सोसावी. विषारी फवारणी मात्र टाळावी.

बंगालमध्ये काळ्या डोक्याच्या हळद्यास ‘इष्टिकुटुम’, म्हणजे आप्तस्वकीय, असे म्हणतात. त्याची शीळ ऐकू आली की घरी पाहुणे येतात, अशी तेथील समजूत आहे. या पाहुण्याची वाट पाहण्यास मात्र धीर हवा. आज लावलेले रोप फुला-फळांवर येण्यास काही वर्षे लागतात. त्यानंतर एखाद्या सकाळी वरच्या पानांतून शीळ आली, तर आमंत्रण पोहोचले असे समजावे.