गंगेवरील नौका आणि बेअरिंगचे वंगण

वाराणसी येथे गंगा उत्तरवाहिनी आहे. अस्सीपासून राजघाटापर्यंतच्या घाटांवर उतारूंची ने-आण करणाऱ्या नौका पूर्वी केवळ वल्ह्यांनी चालत. आज त्यांपैकी पुष्कळ नौकांना एंजिने बसविलेली आहेत. २०२१ च्या सुमारास त्यांत डिझेलऐवजी सीएनजी वायूचा वापर सुरू झाला. इंधन बदलले, तरी एंजिनाची शक्ती पाण्यातील पंख्यापर्यंत पोचविणारा पोलादी दंड आणि त्याला आधार देणारी बेअरिंगे यांची आवश्यकता कायमच आहे. भर प्रवाहात बेअरिंग आवळून दंड अडकला, तर नौका उतारूंसह वाहवत जाते. म्हणून बेअरिंगची निगा हा सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

वंगणाचा पडदा

वंगणामुळे धातू नुसता गुळगुळीत होतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. इंग्लंडमध्ये बोशां टॉवर यांनी १८८३ च्या सुमारास रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग केले. बेअरिंगला वरून पाडलेल्या छिद्रातून, आस फिरू लागताच, तेल उलट बाहेर येऊ लागले. छिद्रात लाकडी खुंटी ठोकली, तर तीही बाहेर ढकलली गेली. ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये याची गणिती उपपत्ती दिली. फिरणारा आस अरुंद होत जाणाऱ्या फटीत तेल ओढून नेतो, तेथे दाब उत्पन्न होतो आणि आसाचा भार त्या तेलावर तोलला जातो. अशा बेअरिंगमध्ये धातूचा धातूला स्पर्शच होत नाही.

गाळ आणि पाणी

हा पडदा अत्यंत पातळ असतो. पावसाळी गंगाजलातील वाळूचा कण त्याहून जाड असू शकतो. असा कण बेअरिंगच्या मऊ धातूत रुतून बसतो व फिरत्या दंडावर चरे पाडतो. पाणी शिरले, तर ग्रीज दुधाळ होते आणि पोलाद गंजते. म्हणून दंड जेथे नौकेबाहेर पडतो तेथे वंगणात भिजविलेल्या दोरीचे वेटोळे दाबून बसवितात. नौका चालू असता त्यातून थोडे थेंब गळावेत. ते पूर्ण बंद व्हावेत म्हणून वेटोळे अति आवळल्यास दंड तापतो व झिजतो.

ग्रीज निवडताना सावध राहावे. सोडियम साबणापासून केलेले ग्रीज पाण्यात विरघळते. कॅल्शियम साबणाचे ग्रीज पाण्यात टिकते. दोन जातींचे ग्रीज एकत्र करू नये. काही नौकांत खाचा असलेली रबरी बेअरिंगे असतात. त्यांना पाणी हेच वंगण होय, व खाचांतून गाळ वाहून जातो. अशा बेअरिंगात ग्रीज भरू नये.

विश्रांतीच्या काळातील निगा

वाराणसी येथे गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. पुराच्या दिवसांत नौकानयन थांबविले जाते. परंतु नौका उभी राहिली म्हणजे बेअरिंग सुरक्षित झाले, असे नव्हे. दंड थांबताच पडद्यातील दाब नाहीसा होतो, दंड धातूवर टेकतो आणि शिरलेले पाणी एकाच जागी गंज धरविते. त्यासाठी पुढील क्रम पाळावा.

१. एंजिन बंद करून इंधनाची तोटी मिटवावी.
२. ग्रीजच्या बेअरिंगात नवे ग्रीज दाबून भरावे व जुने दुधाळ ग्रीज पूर्ण बाहेर पडू द्यावे.
३. दंड हाताने काही फेरे फिरवावा. खरखर किंवा अडखळ जाणवल्यास बेअरिंग उघडून तपासावे.
४. दंड वर-खाली हलवून पाहावा. फट वाढली असल्यास बेअरिंग बदलावे.
५. काम पुन्हा सुरू झाल्यावर, दंड थांबवून, बेअरिंगच्या कवचास हात लावून ते प्रमाणाबाहेर तापले नाही ना, हे पाहावे.

बाहेर निघालेले ग्रीज चिंधीने पुसून डब्यात साठवावे. ते नदीत टाकल्यास पाण्यावर तवंग पसरतो, आणि त्याच पाण्यात लोक स्नान करतात. थोडे ग्रीज वेळेवर भरल्याने दंड वाचतो, आणि मल्लाहाचा हंगामही बुडत नाही.