कौल फुटतं एकीकडे

काल रात्री फोन ठेवल्यावर बराच वेळ झोप लागली नाही बघ. तुझा आवाज कानात घुमत होता. "ताई, गेल्या वर्षी आम्ही समोरच्यांना बॉल घेऊन मान वर करू देत नव्हतो. यंदा सगळ्या नुसत्या बघत उभ्या. आणि आमच्या स्टॉपरला तर कशाचं काही पडलेलंच नाही." कॅप्टन तू आहेस, राग येणारच. पण सोनू, उद्या त्या पोरीला सगळ्यांसमोर बोलण्याआधी थोडं माझं ऐक.

आपलं कोल्हापूरचं जुनं घर आठवतं? पावसाळ्यात माजघरात देव्हाऱ्यापाशी पाणी ठिबकायचं. आई तिथे बादली ठेवायची. बाबा मात्र चढायचे ते स्वयंपाकघराच्या वर. कारण कौल फुटलेलं असायचं तिकडे आणि पाणी वाशावरून ओघळत इकडे यायचं. गोल खाण्याचंही तसंच असतं गं.

तुझ्या भिंतीवरच्या लिव्हरपूलचंच घे ना. २०२१-२२ मध्ये लीग कप आणि एफए कप घरात, लीगमध्ये ९२ गुण, मँचेस्टर सिटीपेक्षा फक्त एक कमी. ३८ सामन्यांत गोल खाल्ले २६. पुढच्या वर्षी कोच क्लॉप तोच, गोलकीपर अ‍ॅलिसन तोच, स्टॉपर व्हॅन डाइक तोच, आणि गोल खाल्ले ४७! गुण ६७, नंबर पाचवा. नापोलीत तर मध्यंतरालाच तीन गोल अंगावर आणि शेवटी १-४. अ‍ॅनफिल्डवर रेआल माद्रिदविरुद्ध पहिल्या पाव तासात २-० पुढे असूनही २-५. तेव्हा तू काय म्हणाली होतीस सांगू? "व्हॅन डाइक संपला."

मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. समोरच्यांना मान वर करू न देणारा तो दाब, म्हणजे प्रेस. प्रेस म्हणजे एकीने जीव खाऊन पळणं नव्हे, ती साखळी असते. फॉरवर्ड बॉलवर जाते ती एक बाजू बंद करत, म्हणजे समोरचीला टचलाइनकडेच वळावं लागतं. तेवढ्यात मागची हाफ पुढच्या पासवर जाऊन उभी राहिलेली हवी. आणि त्या दोघींच्या भरवशावर बॅक लाइन पार मध्यरेषेपर्यंत वर आलेली असते. यातली एक जरी दोन पावलं उशिरा निघाली, तरी समोरचीला मान वर करून बघायला वेळ मिळतो. मग एक लांब बॉल, वर आलेल्या बॅकच्या डोक्यावरून. आपल्याच गोलकडे तोंड करून धावणारी बॅक नेहमीच वेंधळी दिसते. चूक तिच्या तीस यार्ड पुढे झालेली असते, पण कॅमेरा तिच्यावर असतो.

लिव्हरपूलचं कौल पुढेच फुटलं होतं. माने बायर्नला गेला. ऑक्टोबरमध्ये दियाझचा गुडघा गेला, जोटाही बाहेर बसला. नवा आलेला नुन्येझ पळायचा भरपूर, पण कधी निघायचं आणि कुठली बाजू झाकायची, हे अंगात मुरायला वेळ लागतो. मधल्या फळीत हेंडरसन ३२ वर्षांचा, फाबिन्योचे पाय जड झालेले. का नाही होणार? आदल्या सीझनमध्ये टीम तब्बल ६३ सामने खेळली होती. २८ मेला पॅरिसमध्ये चॅम्पियन्स लीगची फायनल हरले आणि ३० जुलैला पुन्हा मैदानात. त्यात ऐन हिवाळ्यात कतारचा वर्ल्ड कप. आळशी नव्हते गं ते. दमले होते.

आता तू म्हणशील, आकडा बघू. आहे ना आकडा. आपण एकदा बॉल अडवेपर्यंत समोरच्यांनी किती पास दिले, ते मोजतात. जितके कमी, तितका आपला दाब जास्त. पण त्याच्यावर डोळे मिटून विसंबू नकोस. आपण दोन गोलने पुढे असलो की आपणच मागे सरकतो, मग आकडा उगाच वाढतो. आणि समोरच्या घाबरून लांब बॉल मारत सुटल्या, तर आपण ढिम्म उभ्या राहूनही तो छान दिसतो. त्यापेक्षा कुणाला तरी मोबाइल घेऊन गॅलरीत वर बसव. बॉल गेल्यावर पहिल्या पाच सेकंदांत आपल्या किती जणी हलतात, ते मोज. फॉरवर्ड निघाली तेव्हा तिच्या आणि हाफच्या मध्ये किती अंतर होतं, ते बघ. गेल्या वर्षीच्या एखाद्या मॅचचं शूटिंग असेल तर शेजारी लावून बघ. दाब कमी झाला की नाही, हे तासाभरात कळेल.

आणि एक गोष्ट सांगते, आजवर कुणाला बोलले नाही. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी सेमीफायनलला आम्ही तीन गोल खाल्ले होते ना, त्यातले दोन माझ्यामुळे होते. गुडघा दुखत होता, सांगितलं असतं तर बाहेर बसवलं असतं. म्हणून गप्प राहिले आणि प्रत्येक वेळी अर्धा सेकंद उशिरा निघत राहिले. सरांनी मात्र आमच्या लेफ्ट बॅकला झापलं, सगळ्यांदेखत. मी बूट सोडत खाली मान घालून बसले होते. पुढच्या वर्षी ती खेळायला आलीच नाही.

लिव्हरपूलने पुढच्या उन्हाळ्यात काय केलं ठाऊक आहे? मॅक अ‍ॅलिस्टर, सोबोस्लाय, एंडो, ग्रावेनबेर्ख असे चौघे आणले. चौघेही मिडफिल्डर, बॅक एकही नाही. जादू झाली नाही, ४१ गोल तेव्हाही खाल्लेच. पण गुण ८२ झाले आणि नंबर तिसरा.

तुला नवी माणसं आणता येणार नाहीत, पण विचारता येईल. टायफॉइडमधून उठून परत आलेली तुझी ती हाफ, तिला बाजूला घेऊन, चहा पाजून विचार, "नव्वद मिनिटं झेपतंय का गं?" ती हो म्हणेल. मीही हो म्हणाले असते. म्हणून दुसऱ्यांदा विचार.