पुढच्या ॲक्सल शाफ्टची झीज

प्रश्न : जुन्या टोयोटा लँड क्रूझर ४० गाडीची पुढची चाके फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पूर्ण वळवली की कटकट आवाज येतो. शाफ्ट बदलावा का?

उत्तर : हा आवाज बहुधा बर्फिल्ड जॉइंटचा, म्हणजे चाक वळलेले असतानाही शाफ्टची गती चाकापर्यंत पोचवणाऱ्या सहा गोळ्यांच्या सांध्याचा असतो. सांधा उघडल्यावर गोळ्यांच्या खाचांत नखाला लागणारे खड्डे दिसले किंवा शाफ्टच्या टोकाचे स्प्लाइन, म्हणजे लांबीच्या दिशेने कोरलेले दाते, पिळलेले आढळले, तर ते भाग बदलणेच योग्य. मात्र ॲक्सलच्या नळीतील जुने ऑइल सील तसेच ठेवणे ही फार महागात पडणारी काटकसर होय, कारण त्यातून झिरपणारे डिफरन्शियलचे तेल नकलमधील, म्हणजे सांध्याभोवतीच्या कवचातील, ग्रीस पातळ करते आणि नवा सांधाही लवकर झिजतो. शाफ्ट आत सरकवताना स्प्लाइनने नव्या सीलची कड फाटू नये, यासाठी तो हाताने तोलून धरावा.