महोत्सवाची वाट आणि सरकारी तिजोरी

मे महिना आला की आपल्या वर्तमानपत्रांतून एक बातमी बहुतेक वर्षी वाचावयास मिळते : मराठी चित्रपट कान महोत्सवाला रवाना. बातमी वाचून ऊर भरून येतो आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु चित्रपटाकडे अभ्यासाच्या दृष्टीने पाहणाऱ्याने त्या एका वाक्यापाशी थोडे थांबावे. कान म्हणजे नेमके कोठे? गेला म्हणजे कोणी नेला? आणि मुख्य म्हणजे, खर्च कोणी केला?

फ्रान्समधील कान या समुद्रकाठच्या गावी एकाच वेळी दोन गोष्टी चालतात. एक महोत्सव. तेथे जगभरातून आलेल्या चित्रपटांतून निवड समिती थोडेसे चित्रपट निवडते आणि परीक्षक त्यांना पारितोषिके देतात. दुसरी गोष्ट म्हणजे १९५९ पासून भरणारा चित्रपटांचा बाजार. बाजार हा शब्द येथे कमीपणाने वापरलेला नाही, त्याचे नावच ते आहे. तेथे वितरक, विक्रेते, इतर महोत्सवांचे निवडकर्ते येतात. निर्मात्याने शुल्क भरले की त्याला तेथे एखादे छोटे चित्रपटगृह तासा-दोन तासांसाठी मिळते. महोत्सवात निमंत्रणावाचून प्रवेश नाही, बाजारात पैसे मोजून जागा घेता येते. दोन्ही दारे शेजारी शेजारी असल्यामुळे आपल्या बातम्यांत त्यांची सरमिसळ होते.

महाराष्ट्र शासन २०१६ पासून निवडक मराठी चित्रपट या बाजारात पाठवीत आले आहे. २०२२ साली ‘कारखानिसांची वारी’, ‘तिचं शहर होणं’ आणि ‘पोटरा’ हे तीन चित्रपट असे गेले. ही योजना वाईट नाही. किंबहुना मराठी चित्रपट सह्याद्रीपलीकडे विकला जावा असे वाटत असेल तर बाजारात जावेच लागेल, माल घरी ठेवून गिऱ्हाईक येत नाही. माझा आक्षेप एवढाच, की बाजारात लावलेल्या खेळाला ‘कान महोत्सवात निवड’ म्हणू नये. तसे म्हटल्याने ज्यांची खरोखर निवड होते त्यांच्यावर अन्याय होतो. ‘कारखानिसांची वारी’ला तर या उसन्या मोठेपणाची गरजही नव्हती, तो चित्रपट २०२० साली टोकियोच्या महोत्सवात दाखविला गेला होता.

आता कोणी विचारील, चित्रपट गेला की झाले, त्याबरोबर माणूस कशाला जावयास हवा? हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. चित्रकाराचे चित्र परदेशी गेले की तोही बरोबर जातोच असे नाही. पण चित्रपटाची गोष्ट वेगळी आहे, आणि ती ‘पथेर पांचाली’च्या इतिहासावरून चांगली कळते.

सत्यजित राय यांचे स्वतःचे पैसे संपले तेव्हा पश्चिम बंगाल सरकारने तो चित्रपट पूर्ण करण्यास रक्कम दिली. मुख्यमंत्री विधानचंद्र राय यांच्या कारकिर्दीतली ही गोष्ट. चित्रपटासाठी पैसे द्यावयास वेगळे खाते नव्हते म्हणून ती रक्कम रस्ते सुधारणेच्या नावे टाकली, असे सांगतात. नावातच ‘पथ’ असल्याने कारकुनाची सोय झाली असावी! भारताचे दारिद्र्य परदेशात दाखवू नये असा आक्षेप त्या वेळीही निघाला होता, तरी चित्रपट १९५६ साली कानला गेला. तेथे त्याचा खेळ लागला त्याच वेळी दुसऱ्या एका देशाच्या शिष्टमंडळाची मेजवानी होती आणि प्रेक्षागृह बरेचसे रिकामे राहिले. लिंडसे अँडरसन यांच्यासारखे मोजके समीक्षक हजर होते, ते चित्रपटाने भारावून गेले आणि त्याच्या बाजूने उभे राहिले. म्हणून पुढे तो मानवी दस्तऐवज म्हणून गौरविला गेला. ते चारदोन जण त्या वेळी मेजवानीला गेले असते तर काय झाले असते, हा विचार अस्वस्थ करणारा आहे. महोत्सवात शेकडो चित्रपट असतात आणि समीक्षकाला दिवसाला फार तर चार-पाच पाहता येतात. कोणते पाहावयाचे हे तो भेटीगाठींतून, कानावर पडलेल्या शब्दांतून ठरवतो. अशा ठिकाणी आपल्या चित्रपटाविषयी बोलणारा माणूस हवा असतो, आणि दिग्दर्शकाइतके चांगले कोण बोलणार?

आपल्या देशात हे काम शासनाने अनेक वर्षे केले, परंतु आपल्या पद्धतीने. १९६० साली फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन स्थापन झाले, १९७३ साली चित्रपट महोत्सव संचालनालय, १९७५ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ. पुढे १९८० मध्ये कॉर्पोरेशन महामंडळात विलीन झाले, आणि २०२२ मध्ये संचालनालयाचे कामही महामंडळाकडेच आले. मराठी माणसाला या काळातले एक नाव अभिमानाने घेता येईल. डॉ. जब्बार पटेल यांचा ‘सामना’ १९७५ साली बर्लिनच्या स्पर्धा विभागात होता. साखर कारखान्याच्या गावातले मास्तर आणि हिंदूराव पाटील बर्लिनच्या पडद्यावर दिसावेत ही काही लहान गोष्ट नव्हे. पण सरकारी पद्धतीचा एक स्वभाव असतो : ती देशाला पाठवते, कलावंताला नव्हे. देशाचे दालन उभारायचे, त्याचे उद्घाटन करायचे, स्वागतसमारंभ ठेवायचा, याला तिच्या कागदांत रकाने आहेत. ध्वनिमुद्रकाच्या विमानभाड्याला रकाना सापडत नाही.

रकाना नसला की काय होते ते आपण २००४ साली पाहिले. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मिळाले, ‘श्यामची आई’नंतर प्रथमच मराठी चित्रपटाला तो मान लाभला. पाठोपाठ ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून त्याची निवड झाली. निवड देशाची, पण अमेरिकेत जाऊन चित्रपट दाखवण्याचा आणि त्याची जाहिरात करण्याचा खर्च निर्मात्यांच्या डोक्यावर. मग नाटकमंडळींनी प्रयोगाचे उत्पन्न दिले, शाळकरी मुलांनी पैसे जमवले, देवस्थानाने मदत केली, राज्य सरकारनेही हात दिला. त्या दिवसांच्या आठवणीने आजही अनेकांना भरून येते. मला मात्र त्यात आनंदाबरोबर थोडी लाजही वाटते. देशाची प्रवेशिका घेऊन निघालेल्याला वर्गणी का मागावी लागावी?

यावर एक आक्षेप येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. गावात शाळेला छप्पर नाही, दवाखान्यात औषध नाही, आणि आपण कोणा दिग्दर्शकाच्या परदेशवारीला करदात्याचा पैसा द्यावयाचा? हा प्रश्न विचारणारा कलेचा शत्रू नसतो. त्याला उत्तर म्हणून फ्रान्सची व्यवस्था पाहण्याजोगी आहे. १९४६ साली तेथे राष्ट्रीय चित्रपट केंद्र स्थापन झाले. त्याच्या उत्पन्नाचा एक भाग चित्रपटाच्या तिकिटावरील करातून येतो, त्याचा दर १०.७२ टक्के आहे. अमेरिकन चित्रपट पाहणारा प्रेक्षकही तो कर भरतो, म्हणजे परक्या चित्रपटाच्या गर्दीतून घरच्या चित्रपटाची शिदोरी बांधली जाते. शाळेच्या छपराचा पैसा शाळेलाच राहतो. फ्रेंच चित्रपट परदेशी पोहोचवण्यासाठी १९४९ पासून युनिफ्रान्स ही वेगळी संस्था काम करते. आपल्याकडे करमणूक कर दशकानुदशके होता. मराठी चित्रपटाला त्यातून परतावा मिळाला आणि त्यावर अनेक चित्रपट उभे राहिले, हे खरे. पण प्रवासाची शिदोरी त्यातून कधी बांधली गेली नाही.

यातली गमतीची, किंवा बोचणारी, गोष्ट अशी की आपण जी शिदोरी बांधत नाही ती दुसरे बांधून देतात. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’च्या संहितेला हॉलंडमधील रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्युबर्ट बाल्स निधीचे साहाय्य होते. त्या निधीत तेथील सरकारचाही वाटा राहिलेला आहे. २०१४ साली त्या चित्रपटाने व्हेनिसला दोन पारितोषिके मिळवली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला २०२४ साली कानचे ग्रां प्री मिळाले. तीस वर्षांनी भारतीय चित्रपट तेथील मुख्य स्पर्धेत पोहोचला होता. मुंबई आणि रत्नागिरीच्या त्या कथेमागेही फ्रेंच केंद्राचा आणि ह्युबर्ट बाल्स निधीचा पैसा होता. पॅरिसमधील तिकीट-खिडकीवर कोणीतरी मोजलेल्या पैशांतून रत्नागिरीचा समुद्र पडद्यावर आला, असे म्हणावयास हरकत नाही. यात अपमान मानण्याचे कारण नाही, पण हिशेब माहीत असावा.

पैसा असला तरी तो केव्हा मिळतो हे किती मिळतो याहून महत्त्वाचे ठरते. कानची निवड साधारणतः एप्रिलच्या मध्यास जाहीर होते आणि महोत्सव मेच्या मध्यास सुरू होतो. मधे महिनाभर. त्या महिन्यात उपशीर्षके तपासायची, प्रदर्शनाची प्रत तयार करायची, तेथे प्रसिद्धीचे काम पाहणारा माणूस नेमायचा. व्हिसाचा अर्ज निदान पंधरा दिवस आधी द्यावयाचा, आणि विमानाचे भाडे तर रोज चढते. मुख्य स्पर्धेतल्या दिग्दर्शकाची काही रात्रींची राहण्याची सोय मोठे महोत्सव करतात, छायालेखकाची, संकलकाची सहसा नाही. अशा वेळी ‘आधी जाऊन या, मग पावत्या जोडून अर्ज करा’ असे म्हणणारे अनुदान कोणाच्या उपयोगाचे? ज्याच्या खिशात आधीच पैसे आहेत त्याच्या. ज्याने घरचे दागिने मोडून चित्रपट पुरा केला तो पावती आणणार कोठून?

म्हणून अशा साहाय्याची रचना करणाऱ्याने एखादी समिती बसवून दर वेळी गुणवत्ता ठरवण्याचा खटाटोप करू नये असे मला वाटते. ते काम महोत्सवाच्या निवड समितीने केलेलेच असते. शासनाने मान्य महोत्सवांची यादी वर्षारंभी प्रसिद्ध करावी, प्रत्येकासमोर रक्कम लिहावी, आणि निमंत्रणाचे पत्र दाखवताच आठवड्याभरात ती दिग्दर्शकाच्या व आणखी एका तंत्रज्ञाच्या नावे जमा करावी. यादीत कान आणि व्हेनिसबरोबर लहान मुलांच्या चित्रपटांचे विभागही असावेत, कारण अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ला २०१४ साली बर्लिनमध्ये स्फटिक अस्वल दिले ते मुलांच्याच परीक्षक मंडळाने. लघुपट असावेत, माहितीपट असावेत. सनडान्स तर हवेच. २०२५ साली रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने तेथे जागतिक कथाचित्र विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळवले, आणि तो महोत्सव भरतो जानेवारीत, म्हणजे आपल्याकडे आर्थिक वर्ष संपत आलेले असताना, जेव्हा खात्यातले पैसे बहुधा खर्च झालेले असतात.