लेसर किरण आणि शेताची सपाटी

शुद्ध शास्त्रीय संशोधनाचा शेतकऱ्यास काय उपयोग, अशी शंका पुष्कळदा विचारली जाते. लेसर किरणाचा इतिहास हे तिचे उत्तर होय.

ऊर्जा साठलेल्या अणूवर योग्य त्या रंगाचा प्रकाश पडल्यास तो अणू अगदी तसाच प्रकाश बाहेर टाकतो, हे तत्त्व आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१७ साली केवळ गणिताच्या आधारे मांडले. त्यानंतर ४३ वर्षांनी, १९६० साली, अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण निर्माण केला. कंदिलाचा उजेड चहूकडे फाकतो. लेसरचा प्रकाश मात्र एका रंगाचा व एका दिशेचा असून दूरवर गेला तरी फारच थोडा पसरतो. त्यामुळे गवंड्याच्या ताणलेल्या दोरीप्रमाणे त्याचा उपयोग करता येतो.

जमीन सपाट करण्याच्या यंत्रात शेताच्या कडेस तिवईवर प्रक्षेपक ठेवतात. तो किरण गोल फिरवून संपूर्ण शेतावर प्रकाशाची एक समपातळी धरतो. ट्रॅक्टरमागील केणीवर उभ्या खांबास ग्राहक बसविलेला असतो. केणी उंचवट्यावर चढली की ग्राहकाच्या संदेशाने पाते आपोआप खाली येऊन माती खरवडते. खोलगट जागी ते वर उचलले जाऊन माती पसरते.

लाभ कोणता? १ हेक्टरवर १ सेंटिमीटर उंचीचे पाणी म्हणजे १ लाख लिटर. वाफ्यात पाणी भरताना उंच जागेपेक्षा बाकीचे शेत सरासरी ५ सेंटिमीटर खोल असेल, तर ती जागा भिजेपर्यंत हेक्टरी सुमारे ५ लाख लिटर पाणी अधिक खर्च होते. शिवाय सखल भागातील पीक पाणी साचून पिवळे पडते.

तथापि हे यंत्र सर्वत्र हितकारक नाही. उथळ जमिनीत खोल काप घेतल्यास सुपीक थर जाऊन मुरूम उघडा पडतो, व ही हानी अनेक वर्षे भरून येत नाही. म्हणून यंत्र भाड्याने आणण्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात :

१. उंच जागी खड्डे घेऊन मातीची खोली पाहावी.
२. उतार अधिक असल्यास शेताचे लहान भाग पाडून प्रत्येक भाग स्वतंत्रपणे सपाट करावा.
३. नांगरट करून ढेकळे फोडावीत; ओल्या जमिनीत यंत्र घालू नये.
४. खरवडलेल्या जागी शेणखत अधिक द्यावे.

ठिबक सिंचनाच्या शेतास इतक्या काटेकोर सपाटीची गरज नसते. तेथे हा खर्च टाळावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंत्राची शिफारस करण्यापूर्वी मातीची खोली स्वतः पाहावी, हेच श्रेयस्कर.