पाटा काढण्याआधी

पिकअप जमिनीला टेकल्यासारखा दिसावा, ही हौस अमेरिकेत फार जुनी. कॅलिफोर्नियात तर 1958 पासून 2023 अखेरपर्यंत कायदाच होता की बदल केलेल्या गाडीचा चाकांखेरीज कुठलाही भाग रिमच्या खालच्या कडेच्या खाली जाता कामा नये.

प्रस्तुत लेखकाने चालवलेला एक शेव्हरोले सी-10 याच हौसेपायी खाली आणलेला होता. 1973 ते 1987 च्या पिढीतला हा ट्रक, मागे कमानपाटे. मूळ रचनेत ॲक्सल पाट्यांच्या खाली असतो. फ्लिप किट लावून तो वर बसवला की मागची बाजू साधारण सहा इंच उतरते. रिकामा ट्रक गावात छान पळायचा. हौद्यात सामान भरून हायवेला लागल्यावर मात्र पहिल्याच खड्ड्यात ॲक्सल चासीवर धाडकन आदळला. वेग वाढताच शाफ्टची थरथर सीटपर्यंत पोचली.

आदळण्याचं कारण उघड होतं. ॲक्सल जितका वर सरकतो, तितकी त्याची वर जायची जागा संपते. म्हणून ॲक्सलच्या डोक्यावर चासीला अर्धगोल खाच घेऊन ती जाड पत्र्याने मजबूत करतात; यालाच सी-नॉच म्हणतात. गॅरेजने ही पायरी गाळली होती. थरथरीचं मूळ कोनात होतं. गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि डिफरन्शियलचा पिनियन एकमेकांना जवळजवळ समांतर राहिले नाहीत, तर शाफ्टच्या दोन टोकांच्या सांध्यांचे, म्हणजे क्रॉसचे, कोन जुळत नाहीत. पाट्याला योग्य उताराची पाचर लावल्यावर थरथर थांबली.

यापुढचा मोह एअरबॅगचा, म्हणजे हवा भरून-सोडून गाडी वर-खाली करणाऱ्या रबरी फुग्यांचा. इथे सर्वांत जास्त सांभाळायला हवं, कारण पाटा दोन कामं करतो: वजन पेलतो आणि ॲक्सल जागेवर धरतो. एअरबॅग फक्त वजन पेलते. पाटा काढला की ॲक्सल धरायला फोर-लिंक हवी. तिचे दांडे समांतर असतील तर आडवा पॅनहार्ड रॉडही हवा. बॅग टायरला किंवा धारदार कडेला घासली तर फाटते, म्हणून पूर्ण खाली आणि पूर्ण वर अशा दोन्ही स्थितींत मोकळी जागा तपासावी.

1967 ते 1972 च्या सी-10 घेणाऱ्यांचं नशीब चांगलं. शेव्हरोलेच्या या ट्रकांत मागे सहसा कॉइल स्प्रिंग आणि ॲक्सल धरणारे दोन लांब ट्रक-आर्म असतात. हीच मांडणी नॅस्कारच्या मुख्य मालिकेतल्या गाड्यांनी 2021 पर्यंत वापरली. फक्त ट्रक खाली आणल्यावर मूळचा आखूड पॅनहार्ड रॉड तिरका होतो आणि ॲक्सल एका बाजूला सरकतो. लांब रॉड घ्यावा, नेहमीच्या उंचीला तो आडवा राहील असा बसवावा.

रोज ओझं वाहायचं असेल तर फ्लिप किट आणि सी-नॉच पुरे. उभा करताना टेकवायचा आणि निघताना उचलायचा असेल, तरच फोर-लिंक व एअरबॅगवर खर्च करावा. काहीही निवडा, चाकं आणि टायर आधी ठरवा. गाडीचं वजन चाकांवर असतानाच कोन मोजायला लावा आणि ॲक्सलपासून बंप स्टॉपपर्यंत (वर जाणारा ॲक्सल जिथे अडतो तिथपर्यंत) किती इंच उरले, ते फिटरकडून टेप लावून बघून घ्या.