जुन्या मराठी ग्रंथसंग्रहांची ऑनलाइन सूची : नोंदीचे काही प्रश्न

ग्रंथालयात ग्रंथ असणे आणि तो अभ्यासकाला सापडणे या दोन भिन्न गोष्टी होत. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या सतराव्या शतकातील मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ साली मंगळूर येथे निघालेली साल्डाना यांची आवृत्ती रोमन लिपीतील हस्तलिखितांवर आधारलेली होती. पुढे १९२० नंतरच्या दशकात जस्टिन ॲबट यांनी लंडनमधील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखितांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. ती तेथे ‘आदिपुराण’ व ‘देवपुराण’ या नावांनी होती. ‘क्रिस्तपुराण’ या नावाने शोध घेणाऱ्यास ती सापडणे कठीणच होते. जुन्या ग्रंथसंग्रहाच्या सूचीचा प्रश्न हा केवळ ग्रंथालयशास्त्राचा नसून वाङ्मयेतिहासाचाही कसा आहे, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

ठाणे (१८९३) व मुंबई (१८९८) येथील मराठी ग्रंथसंग्रहालयांसारख्या जुन्या संस्थांतील ग्रंथांची ऑनलाइन सूची करताना जुनी कार्डे जशीच्या तशी संगणकावर उतरवून घ्यावीत, हा मार्ग सोपा वाटतो. परंतु त्यामुळे कार्डांतील उणिवा कायम होतात. शिवाय जुन्या वाचकाच्या मदतीला जाणकार ग्रंथपाल असे. दूरच्या वाचकाजवळ केवळ नोंद असते.

१. नाव आणि शीर्षक

१८३६ साली प्रसिद्ध झालेले दादोबा पांडुरंग यांचे ‘महाराष्ट्र भाषेचें व्याकरण’ उदाहरणादाखल घेता येईल. आडनावानुसार नोंद करण्याच्या नियमाने हा ग्रंथ ‘तर्खडकर’ या नावाखाली जातो. मराठी अभ्यासक मात्र ग्रंथकर्त्याला ‘दादोबा पांडुरंग’ म्हणूनच ओळखतो. वडिलांच्या नावालाच आडनाव समजल्यास तोच ग्रंथ ‘पांडुरंग’ या नावाखाली जाईल. लोकहितवादी व गोपाळ हरि देशमुख, केशवसुत व कृष्णाजी केशव दामले यांच्याबाबतही हीच अडचण आहे. यांपैकी एक रूप प्रमाण मानून इतर सर्व रूपे त्याला जोडणे हाच उपाय होय.

शीर्षकाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी व्युत्पत्तीवर आधारलेले अनुच्चारित अनुस्वार वगळले. आजचा वाचक ‘भाषेचे’ असे लिहून शोध घेतो, तर शीर्षकपृष्ठावर ‘भाषेचें’ असते. संगणकाच्या दृष्टीने हे दोन भिन्न शब्द आहेत. म्हणून मूळ लेखन बदलणे हे भाषेच्या इतिहासाचा पुरावा पुसणे ठरेल. ते तसेच ठेवून शोधासाठी दुसरे, प्रचलित रूप देणे इष्ट. संगणकीय लेखनातही असाच द्विविध प्रकार आढळतो. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेत २००८ साली मिळाला. तत्पूर्वी ते ‘अ’ला अर्धचंद्र जोडून लिहिले जाई. दिसायला सारख्या असलेल्या अशा दोन नोंदी शोधात मात्र एकत्र येत नाहीत.

२. प्रकाशनवर्ष

जुन्या ग्रंथांवर अनेकदा केवळ शालिवाहन शक असतो. त्यात ७८ मिळवून इसवी सन काढण्याची रीत रूढ असली, तरी ती अपुरी आहे. शके १७७९ हे वर्ष मार्च १८५७ मध्ये सुरू होऊन मार्च १८५८ मध्ये संपते. महिना दिलेला नसल्यास नोंद ‘शके १७७९ (१८५७-५८)’ अशीच असावी. संवत्सराचे नाव दिले असेल तर तेही नोंदवावे. शके १७७९ चे संवत्सर ‘पिंगल’ येते, म्हणून शकाच्या अंकातील छपाईची चूक त्यावरून पकडता येते. ‘पहिली कादंबरी’, ‘पहिले नाटक’ अशा आद्यत्वाच्या वादांत एका वर्षाचा फरकही निर्णायक ठरतो.

३. लिपी आणि मुद्रणपद्धती

विल्यम केरी यांच्या १८१० च्या कोशातील मराठी शब्द मोडी टंकात छापलेले आहेत. अशा ग्रंथाची नोंद केवळ ‘भाषा : मराठी’ एवढ्यावर थांबली, तर मोडी मुद्रणाच्या अभ्यासकाला तो सापडणार नाही. ग्रंथ शिळाछाप की खिळाछाप, हेही बहुतेक कार्डांवर नसते. उलट १८६७ च्या ग्रंथनोंदणी कायद्याने हा तपशील, तसेच आवृत्ती, पृष्ठसंख्या, छापलेल्या प्रतींची संख्या व किंमत यांची नोंद आवश्यक मानली होती. त्यानुसार सिद्ध झालेल्या त्रैमासिक याद्या आणि शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ यांच्याशी नव्या नोंदी ताडून पाहणे अगत्याचे आहे.

समारोप

तात्पर्य, प्रत्येक ग्रंथ हाती घेऊन, शीर्षकपृष्ठ वाचून नोंद करणे यास पर्याय नाही. संग्रहालयाचा शिक्का, देणगीदाराचे नाव, एकाच बांधणीत आलेल्या अनेक पुस्तिका या गोष्टी त्याच वेळी हाती लागतात. हे काम संथ व खर्चाचे आहे, म्हणून ते टप्प्याटप्प्याने व्हावे. आरंभ सर्वांत जुन्या व जीर्ण ग्रंथांपासून करावा. जी नोंद कार्डावरून घेतली आहे ती तशी असल्याचे सूचीत दर्शवावे, म्हणजे तिच्यावर किती विसंबावे हे अभ्यासकाला कळेल. अन्यथा सूचीत नोंद नाही म्हणून ग्रंथच नाही, असा निष्कर्ष काढला जाईल आणि फडताळात सुखरूप असलेला ग्रंथ वाङ्मयेतिहासातून नाहीसा होईल.